कापलेला कोपरा

हाशमभाईंनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली. पडद्याआडून डॉक्टरांनी मान बाहेर काढली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "कोपरा." हाशमभाईंनी खिशातून कात्री काढली आणि फिल्मचा खालचा उजवा कोपरा बोटभर कापून टाकला. मग फिल्म दोरीला चिमट्यानं लावली आणि पुढची उचलली. एवढंच झालं. मी बाकावर बसलो होतो, हातात चहा होता, मांडीवर परत करायला आणलेल्या जुन्या फिल्मांचा गठ्ठा होता. दोन वर्षं मी या एक्स-रेच्या खोलीत येत होतो, पण नेहमी दुपारचा, काम संपल्यावर, सुकलेल्या फिल्मा पिशवीत घालून न्यायला. ओल्या फिल्मांच्या वेळी मी कधी आलोच नव्हतो. आज कॉलेजला सुट्टी होती म्हणून सकाळीच आलो, एवढाच फरक.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"कोपरा काटला." हाशमभाईंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, बोटं औषधाच्या पाण्यानं पिवळी पडलेली. "दोन साल झाले येताय सर, अन् हे तुम्हाला मालूम नाही? डाग दिसला की कोपरा काटायचा. सुकायला टांगल्या की सगळ्या सारख्याच. लाल दिव्यात नाव कुठून वाचणार मी? हात फिरवला की समजतं. कोपरा काटलेली फिल्म पेशंटच्या हातात द्यायची नाही, पहले डॉक्टरसाब बोलणार त्याच्याशी. सतरा साल झाले, एक गलती नाही." शेवटचं वाक्य त्यांनी अभिमानानं म्हटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गलती त्यांची नव्हती. मी चहाचा पेला बाकावर ठेवला, मांडीवरचा गठ्ठा सोडला आणि एकेक फिल्म काढून तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायला लागलो. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दोष आहे, दोष नाही. डॉक्टरांच्या वहीवरून मीच ते उतरवून घेतलं होतं. दोष आहे, कोपरा नाही. दोष आहे, कोपरा नाही. दोष नाही, कोपरा शाबूत. बाविसावी फिल्म झाल्यावर मी थांबलो. हाशमभाई म्हणाले, "तबियत बरी नाही का सर? पाणी देऊ?" मी नको म्हणालो आणि बाहेर आलो.

बाहेर जळगावची सकाळ नेहमीसारखी चालली होती. नोव्हेंबरचं कोवळं ऊन, सराफांची दुकानं उघडत होती, एक हातगाडीवाला भरिताची वांगी मांडत होता. मी चालत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं, याचीच भीती वाटत होती. मी कौतिक बिऱ्हाडे, कॉम्प्युटरला चित्रं बघायला शिकवतो, पगारपत्रकावर कॉलेजातला मास्तर असलो तरी मी स्वतःला असंच समजतो. कॉम्प्युटरला रोग म्हणजे काय हे कोणी सांगत नाही. त्याला चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, हे आजारी. दुसरं दाखवायचं आणि म्हणायचं, हे बरं. असं शेकडो वेळा, हजारो वेळा. फरक कशात आहे ते त्यानं आपलं आपण शोधायचं. बिचाऱ्यानं शोधलं. ढगाळ फुफ्फुसं, बरगड्यांच्या सावल्या, हृदयाची कड, एवढ्या सगळ्या गोंधळात त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसली: आजारी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा तिकोन असतो. दुधी काचेच्या पेटीवर फिल्म ठेवून कॅमेऱ्यानं चित्र घेतलं की कापलेल्या जागेतून उजेड सरळ येतो, तो तिकोन. मी तो पडद्यावर पाहिला नव्हता असं नाही. शंभरदा पाहिला होता. चिमटा लावायला कापत असतील, असं मनाशी म्हणून सोडून दिला होता. आपण छाती बघतोय, कोपरा कशाला बघायचा? माणसाची नजर अशी असते. मशीनची नसते, हे मी दर वर्षी जूनमध्ये पोरांना पहिल्या तासाला सांगतो.

अक्का असती तर तिनं विचारलं असतं. तिला सगळ्याचं कारण लागायचं. यशोदा तिचं नाव, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शिरपूरच्या बाजूला तापीकाठच्या गावात दिलेली, केळीच्या बागांमध्ये कामाला. मी हे संशोधन सुरू केलं तेव्हा छाती नव्हती, पानं होती. केळीच्या पानावरचा करपा कॉम्प्युटरला ओळखता यावा, असा माझा विषय. पुस्तकातली रोगाची चित्रं रंगीत आणि एका वेळी एकाच रोगाची. बागेतल्या पानावर धूळ, गारेचा मार, फवारणीनं जळलेले चट्टे, उन्हाची करप, सगळं एकत्र नांदत असतं. मला काही कळेना. मी अक्काकडे गेलो. अंगणात गोणपाट टाकून तिनं माझी दोनशे पानं निवडली, जशी मेथी निवडावी तशी. "हाऊ करपा शे. हाऊ नही, हाऊ फवाराना डाग शे. वरथून काय दखस? उलटं करीसन दख." पान उलटं केलं की तिला कळायचं. मी तिच्या शेजारी बसून पानाच्या देठाला चिठ्ठ्या बांधत होतो. माझ्या पहिल्या निबंधात 'तज्ज्ञांनी वर्गीकृत केलेले दोनशे नमुने' असं जे वाक्य आहे, ते तज्ज्ञ म्हणजे चौथी शिकलेली माझी बहीण. तिचं नाव मी घातलं नाही. घालता आलं असतं. मला लाज वाटली होती, दुसरं काही कारण नव्हतं.

पानांवरून छातीकडे मी कसा आलो ते सांगायला सोपं आहे. पानांच्या निबंधाला कोणी विचारलं नाही. आमच्या विभागप्रमुखांनी एकदा सहज म्हटलं, बिऱ्हाडे, केळीत काय ठेवलंय, मेडिकलमध्ये बघा काहीतरी, तिकडे भविष्य आहे. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवंच होतं. डाग तो डाग, पानावरचा काय आणि फुफ्फुसातला काय. हाशमभाईंच्या डॉक्टरांनी मोठ्या मनानं जुन्या फिल्मा दिल्या, तीनशे चाळीस. आठ महिन्यांनी माझा प्रोग्रॅम शंभरातल्या ब्याण्णव छात्या बरोबर सांगायला लागला. ब्याण्णव! सगळ्या विभागाला पेढे वाटले. प्रमुख म्हणाले, आता नाव काढणार तुम्ही. आता वाटतं, पानांच्या वेळी कसंबसं सत्तर जमत होतं, मग छातीत एकदम ब्याण्णव कुठून आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण यश आलं की माणूस कारण विचारत नाही, अपयश आलं की विचारतो. अक्काला गावात निरोप गेला, तुमच्या भावाच्या मशीनला आता माणसाचा रोग कळतो. तिनं तो निरोप किती जणांना सांगितला असेल, देव जाणे. मी देव मानत नाही, तीही मानत नव्हती, तरी म्हणतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत ती आली. न कळवता, चोपड्याच्या गाडीनं, हातात मोठं पाकीट घेऊन सरळ कॉलेजात. मी वर्गावर होतो. शिपायानं तिला प्रयोगशाळेत बसवलं होतं. डोक्यावरून पदर, पाय खुर्चीवर घ्यावेत की खाली सोडावेत हे न कळून अर्धे वर घेतलेले. वाळली होती. मी म्हणालो, "अक्का, केवढी खराब झालीस!" ती म्हणाली, "खोकला शे, महिना झाया. डाक्टरनी छातीना फोटो काढा. तो म्हने, थुंकी तपासी ले, मंग धुये, मोठा दवाखानामा जा. मी म्हनं, धुये कसाले? मना भाऊनं मशीन शे. पहिले ते दखी, मंग बठ्ठं." आणि हसली. विभागातले दोघेतिघे उभे होते. ही माझी बहीण, असं मी त्या दिवशी मोठ्यानं सांगितलं. मी फिल्म पेटीवर ठेवली, कॅमेरा सरकवला, चित्र घेतलं. तिची फिल्म शिरपूरच्या एक्स-रेच्या खोलीतली होती, तिथं कोणी कोपरा कापत नसे. अक्का पडद्याकडे पाहत होती, तिची छाती करड्या रंगात तिथं उभी होती, आणि ती म्हणाली, "मी आते पानसारखी दिसस." सगळे हसले. दोन मिनिटांत उत्तर आलं: दोष नाही. मी प्रिंटर चालू केला, कर्रकर्र करत कागद निघाला, तो तिच्या हातात दिला. थुंकी तपासायचं काय, असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. पण सगळे बघत होते, अक्का बघत होती, आणि माझ्या ब्याण्णव टक्क्यांवर मी त्यांच्यासमोर शंका कशी घेणार? म्हणालो, सर्दीचा खोकला असेल, हळद-दूध घे. फिल्म मी ठेवून घेतली. संग्रहात भर.

मार्चमध्ये तिच्या तोंडातून रक्त पडलं. आधारदाजी, म्हणजे तिचे यजमान, तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा क्षयानं दोन्ही फुफ्फुसं पोखरली होती. मी तिथं पोचलो. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके महिने काय करत होतात? आधीचा एक्स-रे आहे का?" मी म्हणालो, "आहे, पण आत्ता सापडत नाही." ती फिल्म माझ्या कपाटात वरून तिसऱ्या खणात होती, नाव लिहिलेल्या पाकिटात. मी असं का म्हणालो हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. मला काही माहीत नव्हतं, कोपऱ्याचं तर नव्हतंच. फिल्म स्वच्छ आहे असंच मी मानत होतो. मग दाखवायची भीती कशाची? आत कुठंतरी एक जागा असते, तिला सगळं आधीच कळलेलं असतं, आणि आपण तिच्यावर खुर्ची टाकून बसतो. बाराव्या दिवशी अक्का गेली. शेवटच्या दोन दिवसांत ती बोलत नव्हती, पण मी कॉटजवळ गेलो की माझ्याकडे पाहायची, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी मनाशी एक हिशेब पक्का केला: नोव्हेंबरात तिला काही नव्हतं, रोग नंतर लागला. या हिशेबावर मी आठ महिने काढले, जेवलो, शिकवलं, परिषदेला निबंध धाडला.

एक्स-रेच्या खोलीतून मी घरी गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडली. आधी बरी म्हणून ठरलेली एक छाती पडद्यावर घेतली आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात हातानं पांढरा तिकोन काढला, बोटभर. उत्तर आलं: दोष आहे. मग आजाऱ्यांचे कोपरे काळे केले. उत्तर: दोष नाही, दोष नाही, दोष नाही. छापा की काटा करून जेवढं बरोबर येईल तेवढंच बरोबर येत होतं. आठ महिन्यांचं काम अर्ध्या तासात संपलं, आणि त्याचं मला मुळीच दुःख झालं नाही. उठून कपाट उघडलं. तिसरा खण. अक्काची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षं तीनशे चाळीस छात्या पाहिल्यात. उजव्या बाजूला वर, हाडाच्या खाली, कापसाच्या बोंडाएवढा ढग होता. धुरकट, पण होता. मी तो तेव्हाही पाहू शकलो असतो. मशीन बघतंय म्हणून मी बघितलंच नव्हतं. तरीही माझं समाधान होईना, मी ती पेटीवर ठेवली, चित्र घेतलं, आणि तिच्या कोपऱ्यात तिकोन काढला. पडद्यावर अक्षरं आली: दोष आहे. तेच मशीन, तीच छाती. मी खुर्चीत बसून रडलो. मोठ्यानं, कारण इमारतीत कोणी नव्हतं.

रडून झाल्यावर मला आधारदाजी आठवले. खरं म्हणजे ते आठ महिने माझ्या मनातून हलले नव्हते. अक्काच्या जलदानविधीच्या दिवशी सगळी भावकी बसली असताना हा माणूस दाराशी उकिडवा बसून येईल त्याला एकच सांगत होता, "मनी बिडीनीच खादी तिले." घर एका खोलीचं, तीस वर्षं तो आत बसून बिडी ओढायचा, धूर तिच्या छातीत गेला, म्हणून ती गेली, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यानं बिडी सोडली. भेटेल त्या पाहुण्याला बिडी सोडायला सांगायला लागला. दिवाळीत मी गेलो तेव्हाही तेच, जेवताना मध्येच घास थांबवून तेच. मी म्हणायचो, असं काही नसतं दाजी. पण असं काही नसतं म्हणजे कसं असतं, हे मला सांगता येत नव्हतं. आता येत होतं. त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं माझं होतं, आणि मी ते जाऊन उचलायला हवं होतं. हा विचार आला तेव्हा मला किंचित बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोपड्याची गाडी धरली, तिथून शिरपूरची. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया ओळीनं वाकून वेचत होत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. आमची बोली मला येते, पण तिच्यात मला फक्त लहानपणचं बोलता येतं. भूक, मार, नदी, आई. हे सांगायला तिच्यात शब्द कुठले आणायचे, कळत नव्हतं.

दाजी बागेत होते. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्यानं काढत होते. मला पाहून त्यांनी विळा खाली ठेवला, धोतराला हात पुसले.

"जय भीम, दाजी."

"जय भीम. आज सुट्टी शे का? चाल, घर चाल, च्या पिऊत."

"इथंच बसू," मी म्हणालो. बांधावर बसलो. आणि सांगितलं. हाशमभाईंची कात्री, पांढरा तिकोन, मशीन काय शिकलं, सगळं. जुळवलेली वाक्यं सुचलीच नाहीत, मोडकं-तोडकं सांगत गेलो, अर्धं वर्गातल्या भाषेत, अर्धं घरातल्या. मधेच वाटलं, त्यांना यातलं काही कळत नसणार. पण ते मान खाली घालून ऐकत होते, आणि माझं झाल्यावर त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला.

"म्हणजे तो फोटोमा व्हतं? तवयच?"

"होतं."

"तवय दवाई सुरू करतूत तं ती वाची जाती?"

'बहुतेक' असं मला म्हणता आलं असतं. डॉक्टरांना विचारावं लागेल, असंही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "सहा महिन्यांचं औषध असतं. वाचली असती." मग गाडीत घोकलेलं एकच वाक्य उरलं होतं, तेही म्हणून टाकलं. "म्हणून म्हणतो दाजी, तुमच्या बिडीचा दोष नाही. दोष माझा आहे." आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, तो आता हलका होईल म्हणून.

दाजींनी बोटांना लागलेला केळीचा चीक पुन्हा धोतराला पुसला. नजर समोरच्या केळीच्या ओळीवर होती. शेजारच्या बागेत कोणीतरी पाण्याचं बारं फोडत होतं, पाटातून सुटलेल्या पाण्याचा आवाज येत होता. मग ते माझ्याकडे न पाहता बोलायला लागले, हळू, जसं कोणी दुसऱ्याचं सांगावं.

"तुनाकडथून ती उनी, मंग कापूस येचाना दिन लागनात. ती रोज सकाये म्हने, छाती दुखस, आज नही जात मी. मी तुना कागद काढा. तिना तोंडसमोर धरा. म्हनं, दख, तुना भाऊनं मशीन काय म्हनस. तुले काही नही. ढोंग करस तू. ऊठ." ते थांबले. "रोज म्हनं. दीड महिना. ती उठे, डोकाले फडकं बांधे, अन् जाय. एक दिन बी उलटी बोलनी नही. कशी बोली ती? कागद तुना व्हता. तुले खोटं कशी पाडी ती?"

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो सोडवला, रागानं नाही, माशी उडवावी तसा.

"आतेपावोत माले वाटे, तवय ती चांगलीच व्हती," ते म्हणाले. "ढोंगच करे. रोग मांघून उना. बिडीमुये उना. बिडी मी सोडी दिनी. झायं." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "तू माले सांगीसन मोकया झाया, कौतिक. आते मी कोनले सांगू?"